बरोबरी, पण बरोबर नाही! : अकरा वर्षांच्या मुलीसमोर सोळा चाली आरसा धरून बसलो त्याची गोष्ट

अडीचघर | रविवार, रात्री ११:४०

मंडळी, बावन्नाव्या वर्षी पुन्हा रेटिंग स्पर्धा खेळायला लागलोय हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. या शनिवार-रविवारी साताऱ्याजवळच्या एका मंगल कार्यालयात खेळून आलो. वरच्या हॉलमध्ये आम्ही, खाली कुणाचा तरी साखरपुडा. सनईच्या तालावर घड्याळं दाबत होतो.

चौथ्या फेरीत समोर आली अकरा वर्षांची मुलगी. रेटिंग १५५३. माझं १६१२. कागदावर मी वरचढ, पण अशा पोरांची रेटिंगं खरी नसतात, ती मागच्या महिन्यातली असतात. त्यात आधीचे दोन डाव मी हरलेलो. खुर्चीवर मांडी घालून बसली, पाण्याची बाटली उजवीकडं, पेन डावीकडं, आणि पहिलीच चाल सी४.

या सुरुवातीला इंग्लिश ओपनिंग म्हणतात. मला त्यातलं ढिम्म काही येत नाही. मग मनात आलं, ती करेल तेच करू. जे तिला येतंय ते चांगलंच असणार.

डाव असा झाला (रा, व, ह, उं, घो ही मोहरी, प्याद्याला अक्षर नाही, × म्हणजे मारलं, ०-० म्हणजे किल्लेकोट, सी४ म्हणजे सी या उभ्या रांगेतलं चौथं घर; आकड्यानंतर आधी तिची पांढऱ्याची चाल, मग माझी काळ्याची, आणि '...' असलं की फक्त काळ्याची):

१. सी४ सी५ २. घो-सी३ घो-सी६ ३. जी३ जी६ ४. उं-जी२ उं-जी७ ५. घो-एफ३ घो-एफ६ ६. ०-० ०-० ७. ए३ ए६ ८. ह-बी१ ह-बी८ ९. बी४ सी×बी४ १०. ए×बी४ बी५ ११. सी×बी५ ए×बी५ १२. डी४ डी५

नववी-दहावी सोडली तर प्रत्येक चालीनंतर पट आरशासारखा. आठव्या चालीला तिनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं. बाराव्या चालीला हसली. मी स्कोअरशीटमध्ये तोंड घातलं. शेजारच्या पटावरचा कॉलेजचा पोरगा उठून आमच्या टेबलाशी येऊन उभा राहिला, आणि मग अजून दोघं. लाज वाटायला लागली खरं तर.

१३. उं-एफ४

इथं घाम फुटला. तिचा उंट माझ्या बी८ च्या हत्तीवर. हत्ती हलवायचा सोडून मीही उंट एफ५ ला काढायचा? म्हणजे तिच्या बी१ च्या हत्तीवर? हत्तीला हत्ती? अकरा मिनिटं घालवली. ती मारेल, मी मारेन, मग तिचा उंट माझ्या घरात अडकलेला आणि माझा तिच्या. तिनं उंट परत नेला तर मीही परत नेईन. तिनं माझा उंट वजिरानं मारला तर मीही वजिरानं मारेन. पुन्हा पुन्हा मोजलं. हिशोब जुळत होता.

१३... उं-एफ५ १४. उं×बी८ उं×बी१ १५. व×बी१ व×बी८ १६. व-बी३ व-बी६

सोळा चाली झाल्या, पट पुन्हा आरसा. मेलेली मोहरी तिनं पटाच्या कडेला ओळीनं लावली होती: दोन प्यादी, हत्ती, उंट. माझ्या कडेला तीच ओळ.

१७. घो×डी५

घोड्यानं प्यादं घेतलं आणि घोडा माझ्या वजिरावर. आता आरशाप्रमाणं घो×डी४, माझा घोडा तिच्या वजिरावर. सोळा चालींची सवय झालेली. हात सी६ च्या घोड्यावर गेला. बोट टेकलं नव्हतं, एक-दोन सेंटीमीटर वर होतं. टेकलं असतं तर तोच घोडा हलवावा लागला असता. आणि तेवढ्यात ई७ चं प्यादं दिसलं. तिचा घोडा ते खाणार, शह देऊन. शह मिळाल्यावर आरसा कसला धरता? राजा हलवायचा. तोपर्यंत ती एफ३ च्या घोड्यानं माझा डी४ चा घोडा घेणार. एक प्यादं गेलं, आणि तेही फुकट.

हात मागं घेतला. पाणी प्यालो. खाली सनई थांबली होती.

१७... घो×डी५ १८. व×डी५ घो×डी४ १९. घो×डी४ उं×डी४ २०. ई३ उं-एफ६ २१. ह-सी१ ई६ २२. व-सी५ व×सी५ २३. ह×सी५ ह-बी८ २४. उं-एफ१ उं-ई७ २५. ह×बी५ ह×बी५ २६. उं×बी५ उं×बी४

शेवटची चाल करून मी 'ड्रॉ?' म्हटलं आणि घड्याळ दाबलं. तिनं चार मिनिटं पट बघितला आणि हात पुढं केला.

उठल्यावर तिला विचारलं, सतरावी चाल आधीच ठरवलेली होती का. म्हणाली, "हो. मला वाटलं तुम्ही परत माझंच करणार."

घरी येऊन पट मांडला तेव्हा लक्षात आलं, शेवटची स्थिती बघा: पांढरा राजा जी१, उंट बी५, प्यादी ई३-एफ२-जी३-एच२. काळा राजा जी८, उंट बी४, प्यादी ई६-एफ७-जी६-एच७. पुन्हा आरसा! यावेळी दोघांपैकी कुणीही मुद्दाम केला नव्हता.

हॉलमध्ये एकानं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "कॉपी करून अर्धा पॉइंट." ते डोक्यातून जात नाहीये. तुम्ही सांगा, ही लबाडी आहे का?

---

तिरपा_उंट | रविवार, ११:५८

लबाडी कसली? नियमात कुठंय? मला तर मजा आली. आकृती टाका ना शेवटची.

---

चहाबाज | सोमवार, सकाळी ७:१५

लबाडी नाही, पण कौतुक करण्यासारखंही काही नाही. २६ चाली, बरोबरी, हात मिळवला, संपलं. क्रिकेटमध्ये कुणी पाचव्या षटकात 'चला, टाय' म्हणतं का? बुद्धिबळ लोक बघत नाहीत ते यामुळंच.

---

रेडिंगकर | सोमवार, दुपारी १:०२

@चहाबाज, हे भांडण जुनं आहे. १९८४-८५ ला मॉस्कोत जगज्जेतेपदासाठी कार्पोव्ह-कास्पारोव्ह ४८ डाव खेळले, त्यातले ४० बरोबरीत. शेवटी सामनाच थांबवला. २०१८ ला लंडनमध्ये कार्लसन-कारुआना, बाराच्या बारा क्लासिकल डाव बरोबरीत. जगज्जेतेपदाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. मग जलद डावांत कार्लसननं ३-० केलं. बल्गेरियातल्या सोफियात २००५ च्या स्पर्धेत तर खेळाडूंनी आपापसात बरोबरी मागायलाच बंदी घातली होती, तेव्हापासून त्याला सोफिया नियमच म्हणतात.

पण त्या बारा डावांतला एकही 'काही न घडलेला' नव्हता. आणि आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं बघा, बटुमी, जुलै २०२५. महिलांच्या वर्ल्ड कपच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीशी दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत, दुसरा काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि त्याच डावानं ती ग्रँडमास्टर झाली. आधीच्या तीन बरोबऱ्या टिकल्या नसत्या तर चौथा डाव आला असता का?

इंग्लिश ओपनिंगचं नावही इथल्या, म्हणजे इंग्लंडच्या, स्टॉन्टनमुळं. १८४३ ला पॅरिसमध्ये सेंट-आमांविरुद्धच्या सामन्यात तो १. सी४ खेळला होता.

---

नर्मदेतला_गोटा | सोमवार, दुपारी ३:२०

जरा तांत्रिक बोलतो, कंटाळा आला तर पुढं जा.

१. सी४ सी५ ला सिमेट्रिकल इंग्लिश म्हणतात, ओपनिंगच्या वर्गीकरणात ए३० ते ए३९. सारखी स्थिती म्हणजे सारखा हक्क नव्हे. चाल पांढऱ्याची असते. बंद पटावर या एका चालीला फार किंमत नसते, म्हणून बारा-पंधरा चाली आरसा चालतो. पट उघडला, मोहरी एकमेकांना भिडली, की जो आधी मारतो किंवा आधी शह देतो तो आरसा फोडतो. सगळ्यात ढोबळ उदाहरण पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतात: १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-एफ६ ३. घो×ई५ घो×ई४ ४. व-ई२, आता घोडा घाबरून एफ६ ला आला की ५. घो-सी६ आणि मागून वजिराचा शह. काळ्याचा वजीर गेला. तुमच्या सतराव्या चालीतही तेच तत्त्व, फक्त जास्त सभ्य कपड्यांत.

आता तक्रार. सहा चालींनंतर पांढऱ्यानं ७. डी४ खेळायला हवं, मध्य तिथंच उघडतो. १९७२ ला रेक्याविकमध्ये स्पास्कीविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात आठव्या डावात फिशर नेमकं तेच खेळला. ७. डी४ सी×डी४ ८. घो×डी४ घो×डी४ ९. व×डी४ डी६ १०. उं-जी५ उं-ई६ आणि पुढं. पंधराव्या चालीपर्यंत स्पास्की ठीकठाक होता. मग १५... बी५, आणि फिशरचा उंट ई३ वरून ए७ ला जाऊन बी८ च्या हत्तीवर बसला. हत्तीच्या बदल्यात उंट. चारच चालींनी १९... घो-डी७ आणि २०. घो-डी५, खेळ खलास. ३७ चालींत फिशर जिंकला. म्हणजे 'सिमेट्रिकल म्हणजे बरोबरी' हे ज्यांना वाटतं त्यांनी तो एक डाव पटावर मांडून बघावा.

आणि काळ्यानं नक्कल करायची नसेल तर? त्याचंही उत्तर फिशरकडंच. १९७० ला बेलग्रेडला, सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग, पेट्रोस्यानच्या इंग्लिशसमोर काळ्यानं ई६ आणि दुसरा घोडा ई७ ला. डी५ ची तयारी, आरशाला रामराम. तोही डाव फिशरनं घेतला.

---

अडीचघर | सोमवार, रात्री ९:१०

@नर्मदेतला_गोटा दंडवत. 'सभ्य कपड्यांत' आवडलं.

एक विचारतो. १३... उं-एफ५ च्या जागी तुम्ही काय खेळला असता?

---

नर्मदेतला_गोटा | सोमवार, रात्री ९:४४

हत्ती बी६. निवांत. पण तुमची चालही चालते, तुम्ही मोजलंत ते बरोबर. १५. उं-एफ४ उं-एफ५ झालं असतं तर दोघंही एकेक हत्ती गमावून पुन्हा तिथंच. मला ते बघायला आवडलं असतं.

जास्त खटकलं ते १८... घो×डी४. १८... घो×बी४ घेतलं असतं तर घोडा वजिरावर आला असता आणि बी५ चं प्यादं मोकळं सुटलं असतं, म्हणजे त्याला अडवायला समोर एकही प्यादं नाही. पांढऱ्याला व-ई४ खेळून ई७ वर दाब ठेवता आला असता, पण राजापासून दूरचं सुटलेलं प्यादं काळ्याकडंच. जिंकायचं असेल तर ते.

---

अडीचघर | सोमवार, रात्री १०:०५

दिसलं होतं. पण तेव्हा हात थरथरत होता हो. नुकताच फासातून सुटलेला माणूस दुसरीकडं धावत नाही.

---

कोपऱ्यातला_राजा | सोमवार, रात्री १०:३०

विसाव्या चालीला तिनं ह-डी१ का नाही खेळलं? उंट डी४ वर अडकला असता की, वजीर आणि हत्ती दोन्ही त्याच्यावर.

---

नर्मदेतला_गोटा | सोमवार, रात्री १०:३८

उं×एफ२, शह. मागं वजीर बी६ वर उभा आहे, त्यामुळं राजाला उंट मारता येत नाही. फुकट प्यादं. म्हणून आधी ई३. पोरगी पक्की आहे.

---

पंचगिरी | मंगळवार, सकाळी ६:५०

पंच म्हणून दोन शब्द. अडीचघर, तुम्ही चाल केली, बरोबरी मागितली, मग घड्याळ दाबलं. हा क्रम अगदी बरोबर. बहुतेक लोक समोरचा विचार करत असताना 'ड्रॉ का, ड्रॉ का' करतात, मग आम्हाला उठून यावं लागतं. दुसरं, स्कोअरशीटवर त्या चालीपुढं कंसात बरोबरचं चिन्ह काढायचं असतं, म्हणजे (=). काढलं होतंत?

तीच स्थिती तिसऱ्यांदा येत असेल तर आणखी वेगळं. ती चाल पटावर करायची नाही. स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं, पंचाला सांगायचं. लोक आधी चाल करून घड्याळ दाबतात आणि मग हात वर करतात, तोपर्यंत हक्क गेलेला असतो. दावा चुकला तर समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात.

आणि नक्कल करण्याबद्दल नियमात एक अक्षर नाही. चालींबद्दल म्हणतोय हां. शेजारच्या पटावरून नव्हे.

---

अडीचघर | मंगळवार, सकाळी ८:२०

नव्हतं काढलं. पुढच्या वेळी काढेन. शेजारच्या पटावर पोरगा स्वतःच हरत होता, तिथून काय घेणार.

---

बेरीज_वजाबाकी | मंगळवार, दुपारी १२:११

कुणी रेटिंगचा हिशोब केलेला दिसत नाही म्हणून.

१६१२ आणि १५५३, फरक ५९. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) तक्त्यात वरच्याकडून अपेक्षा ०.५८ गुणांची. मिळाला ०.५. काकांचा के (रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक) २०, म्हणून उणे १.६. मुलगी अठराच्या आतली, के ४०, म्हणून अधिक ३.२.

एकाच डावातली एकच बरोबरी, पण तुम्ही १.६ गमावले आणि तिनं बरोबर दुप्पट कमावले. धाग्याचं नाव हिशोबानंही योग्य आहे.

---

चहाबाज | मंगळवार, दुपारी १२:३०

म्हणजे आरसा असूनही एकाला घाटा, दुसऱ्याला नफा. हे आवडलं. माझा पहिला प्रतिसाद अर्धा मागं घेतो. अर्धाच.

---

मिरजेचा_तंबोरा | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

आमच्या भागात बुद्धिबळ म्हणजे सांगली. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांत निम्मा महाराष्ट्र खेळून गेला असेल, भाऊसाहेब पडसलगीकरांनी ते जन्मभर सांभाळलं. पण मला आठवण झाली ती त्याच्याही आधीची.

माझे आजोबा देशी पद्धतीनं खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. म्हणजे तुमचं हे सी४ करायला दोन चाली. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह मिळालेला नसला तर राजाला एकदा घोड्यासारखी उडी. असा डाव दुपारी सुरू झाला की दिवेलागणीला कुठं मोहरी भिडायची. आजी ताट वाढून हाका मारायची आणि दोघे म्हातारे 'आलो, आलो' म्हणत अजून एक प्यादं सरकवायचे.

बरोबरी हा शब्द मी त्यांच्या तोंडी ऐकलाच नाही. एका बाजूचा राजा नुसता एकटा उरला की 'बुर्जी झाली' म्हणायचे. ती हारही नाही आणि जीतही नाही, पण बुर्जी करणाऱ्याची कॉलर जरा ताठ. आणि प्याद्यानं मात केली तर प्यादेमात, तिचा मान सगळ्यात मोठा. एकदा समोरच्यानं प्यादेमात केली तर आजोबा आठवडाभर त्यांच्या ओट्यावर गेले नव्हते.

या हिशोबात तुमचा डाव कशात बसतो ते मला कळत नाही. आजोबांनी तर पट उधळला असता, चार-चार प्यादी आणि उंट शिल्लक असताना उठलात कसले!

---

तिरपा_उंट | मंगळवार, रात्री ८:०२

वा! बुर्जी शब्द कित्येक वर्षांनी ऐकला.

आजोबांचा प्रश्न माझाही आहे पण. शेवटी दोघांकडं उंट आणि चार-चार प्यादी. खेळायचं ना अजून? ती अकरा वर्षांची आहे, चुकली असती.

---

नर्मदेतला_गोटा | मंगळवार, रात्री ८:४०

चुकली नसती, आणि चुकायला जागाही फार नाही. तिचा उंट पांढऱ्या घरांवरचा, काकांचा काळ्या घरांवरचा. दोघं जन्मभर एकमेकांना भेटणार नाहीत. एकानं जे घर अडवलं ते दुसऱ्याला सोडवता येत नाही. त्यात सगळी प्यादी एकाच बाजूला, समोरासमोर, सुटलेलं एकही नाही. असे डाव प्यादं जास्त असतानाही सुटत नाहीत, इथं तर सारखी आहेत.

एक बारीक गोष्ट मात्र आहे. विरुद्ध रंगाच्या उंटात बचाव करताना आपली प्यादी आपल्या उंटाच्या रंगावर ठेवावीत, म्हणजे समोरच्याच्या उंटाला चावायला काही उरत नाही. इथं उलट आहे. काळ्याची ई६, एफ७, जी६, एच७ चारही पांढऱ्या घरांवर, म्हणजे तिच्या उंटाच्या टापूत. तिचीही चारही काळ्या घरांवर. दोघांनी एकमेकांच्या अंगणात कपडे वाळत घातलेत. राजा मध्यात आणला की काही होत नाही, पण झोप काढू नये.

खरा प्रश्न तेविसाव्या चालीचा. तिनं प्याद्यानं का नाही मारलं? २३. बी×सी५ आणि दोघांचीही प्यादी सुटली. तिथं डाव पेटला असता.

---

अडीचघर | मंगळवार, रात्री ११:१५

तेच! त्याच चालीला मी सगळ्यात जास्त घाबरलो होतो. घरी दोन तास घातले. २३. बी×सी५ बी४ २४. सी६ बी३ २५. सी७ ह-सी८ २६. उं-बी७ आणि उंट हत्तीवर.

इथं मी नक्की ह×सी७ खेळलो असतो. साहजिक वाटते ना चाल? धोक्याचं प्यादं खाल्लं की. २७. ह×सी७ बी२, माझं प्यादं वजीर होणार, आणि मी मनातल्या मनात पेढे वाटणार. मग २८. उं-ई४, आणि बी१ वर उंटाची नजर. प्यादं गेलं, तिच्याकडं हत्ती जास्त. डाव गेला.

वाचवणारी चाल एकच सापडली: २६... बी२! हत्ती मरू दे म्हणायचं, आधी तिचा सी१ चा हत्ती हाकलायचा. तिनं माझा हत्ती घेतला तर मी सी१ ला मारून वजीर. म्हणून २७. ह-बी१ ह×सी७ २८. उं-ई४ ह-सी१, शह, २९. रा-जी२ ह×बी१ ३०. उं×बी१. माझं प्यादं बी२ वर, तिचा उंट त्याच्या नाकासमोर. तिचा राजा माझ्या राजाच्या आधी सी२ ला पोचतो, परत बरोबरी.

आता प्रामाणिकपणे सांगतो. मला वाटलं होतं नक्कल म्हणजे डोकं बाजूला ठेवून खेळणं. पण त्या सोळा चालींत जेवढं मोजलं तेवढं मी माझ्या स्वतःच्या ओपनिंगमध्ये गेल्या दोन वर्षांत मोजलेलं नाही. माझं ओपनिंग मी पाठ करून खेळतो. ती कॉपी नाही का मग? निदान इथं प्रत्येक चालीला 'ही चालेल का अजून' हे विचारत तरी होतो.

---

चहाबाज | बुधवार, सकाळी ७:०५

बरं, उरलेला अर्धाही मागं घेतला.

---

कोपऱ्यातला_राजा | बुधवार, सकाळी १०:२०

बाळबोध शंका. शेवटची स्थिती आरसा आहे म्हणता, पण मी पट गोल फिरवून काळ्याच्या बाजूनं बघितलं तर सारखं दिसत नाही. पांढऱ्याच्या बाजूनं उंट डावीकडं, काळ्याच्या बाजूनं उजवीकडं.

---

नर्मदेतला_गोटा | बुधवार, सकाळी १०:३१

म्हणूनच आरसा. फिरवलेला पट नव्हे. बुद्धिबळात राजासमोर राजा उभा असतो, त्यामुळं एकाचा डावा तो दुसऱ्याचा उजवा. काकांना सोळा चाली तिची प्रत्येक चाल डोक्यात उलटी करून खेळावी लागली. बावन्नाव्या वर्षी हेही थोडं नाही.

---

घाटावरची | गुरुवार, सकाळी ९:५०

मला बुद्धिबळातलं मोहरी कशी चालतात एवढंच येतं. नेहमी वाचनमात्र असते. पण धागा वाचून काल रात्री जेवणं झाल्यावर ओट्याशेजारच्या टेबलावर पट मांडला. मुलगा नऊ वर्षांचा. त्याला सांगितलं, मी पांढरी, तू फक्त मी करते ते करायचं, आणि हवं तिथं थांबायचं. नवव्या-दहाव्या चाली मीच करून दिल्या. बाकी त्याला इतकी मजा आली की खुर्चीवर उभा राहून खेळत होता.

सतराव्या चालीला मी घोड्यानं डी५ घेतलं. त्यानं क्षणाचाही विचार न करता डी४ घेतलं आणि "तुझा वजीर!" म्हणून ओरडला. मी ई७ चं प्यादं खाऊन शह म्हटलं.

बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "हे तू मला का नाही करू दिलंस?" मी म्हटलं, मी थांबवलं कुठं?

आज सकाळी उठल्या उठल्या दात घासायच्या आधी पट मांडून बसलाय, पांढरी स्वतःकडं घेऊन. रिक्षावाले काका खालून हॉर्न वाजवतायत आणि तो म्हणतोय, आई, आता तू माझी नक्कल कर.